काहीतरी दाबलं असेल

हे मी संजयला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाच सांगितलं नाही म्हणजे कुणालाच नाही, हे तुम्ही समजून घ्या. आत्ताही तो बाहेर मॅच बघतोय आणि मी दार लोटून बसले आहे. इतक्या वर्षांनी कसली भीती? ज्यांची भीती वाटायला हवी, त्या माझ्या सासूबाई तर कधीच गेल्या. तरी वाटते.

थांबा, जरा मागून सांगते. सरळ मुद्द्यावर यायचं धाडस नाही माझ्यात.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. मी सातपूरला एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होते. फाइल्स इंटरनेटवर सुरक्षित ठेवायच्या तर कुठली सेवा घ्यावी, ते बघायला साहेबांनी सांगितलं. मी आठवडाभर खपून तक्ता केला. कोण किती जागा फुकट देतं, कोण वर्षाला किती डॉलर घेतं, किती कॉम्प्युटर जोडता येतात, चुकून पुसलेली फाइल किती दिवस परत मिळते. रंगबिंग भरून अगदी देखणा. साहेबांनी तो बघितला, 'छान' म्हणाले आणि सीडीवरच भागवायचं ठरवलं. तक्ता माझ्याकडेच पडून राहिला. मला त्याचा भारी अभिमान होता हो — चार बायकांत मिरवावा असा.

त्याच दिवसांत आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आई कॉम्प्युटर शिकल्या. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. सासरे गेल्यावर दुपार खायला उठायची त्यांना. मग पासष्टी ओलांडल्यावर त्या एका बोटाने मराठी टाइप करायला लागल्या. माहेर घोटीचं, वडिलांची भाताची गिरणी. त्या गिरणीबद्दल, कोंड्याच्या ढिगावर लोळणाऱ्या भावंडांबद्दल, हमालांबद्दल लिहायच्या. फोल्डरला नाव दिलं होतं — 'घोटी'. भर कामात मला ऑफिसात फोन यायचा, "वैशाली, 'ज्ञ' कुठं लपलाय गं?" कधी मी सांगायचे. कधी — खरं सांगते — फोन वाजू द्यायचे.

मोठे दीर, दादा, अमेरिकेत औषधांच्या कंपनीत. आईचं लिखाण आपल्याला तिकडे वाचता यावं आणि घरचा कॉम्प्युटर बिघडला तरी ते राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. "काय घ्यायचं ते तू बघ, वैशाली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." मग काय! माझा तक्ता बाहेर निघाला.

दोन प्रकार होते. एक बॅकअप. त्यात फाइलची एक प्रत लांब कुठेतरी जाऊन पडते, आपण इकडे काहीही केलं तरी ती तिथेच. त्याला डॉलर पडत होते. दुसरा प्रकार सिंक. त्यात जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच राहतं. इकडे आईंनी ओळ लिहिली की तिकडे दादांना दिसणार. थोड्या जागेपर्यंत फुकट. पैसे दादा भरणार होते, त्यांना काही जड नव्हते. पण मला ते वाचवून दाखवायचे होते. "शिवाय कुठल्या कॉम्प्युटरवरून काय बदललं, तेही नावानिशी दिसतं," मी फोनवर कौतुकाने सांगितलं. संजय म्हणाला, एक सीडी पण करून ठेव ना. मी हसले. सीडीचा जमाना गेला, म्हणाले.

खातं दादांच्या नावावर, पासवर्ड त्यांच्याकडे. घरचा कॉम्प्युटर जोडला, दादांचा जोडला आणि आईंचं काही अडलं तर ऑफिसातून बघता यावं म्हणून माझा लॅपटॉपही जोडला. त्याचं नाव माझंच — वैशाली.

आता येते तिथे.

काही महिन्यांनी लॅपटॉप भरला. जागा कमी आहे, जागा कमी आहे, असं सारखं दाखवायला लागला. मी जुनं काढायला बसले. 'घोटी' दिसलं. हे घरी आहे, अमेरिकेत आहे — इथे कशाला? पुसलं. कचऱ्याची पेटीही रिकामी केली आणि चहाला गेले. गच्चीवरच्या दोन टाक्या पाइपने जोडलेल्या असल्या तर एकीचा नळ सोडल्यावर दुसरीत पाणी राहतं का? हे पोरालाही कळतं. माझ्या तक्त्यात सिंकसमोर नुसती बरोबरची खूण होती, अर्थ मी मनाशी कधी लावलाच नव्हता.

घरी त्या दुपारी लोडशेडिंग होतं. कॉम्प्युटर बंद होता, तो आईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून स्वतः लावला. मी पोळ्या लाटत होते. हाक आली ती विचित्रच आवाजात. घाबरल्या की आई घोटीचं बोलायच्या.

"वैशाली! अगं, एकेक करून चाललंय बघ सगळं! मी नाय गं काही केलं, नुसतं उघडलं!"

संजय ब्रश तोंडात ठेवूनच धावला. म्हणाला, "आई, तू काहीतरी दाबलं असशील."

मला पोळपाटापाशीच कळलं. तव्यावरची पोळी जळाली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. इतकं सोपं होतं! पण मी बाहेर आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "हो आई, काहीतरी दाबलं असेल." हे शब्द माझे आहेत.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, घाबरलीस, पुढे? पुढचंच सांगायचंय मला.

संध्याकाळी दादांचा फोन आला. त्यांच्याकडूनही सगळं गेलं होतं. त्यांनी विचारलं, "यात परत मिळवायची काही सोय असते का गं?"

होती. माझ्या तक्त्यात तो रकाना मी स्वतः भरला होता. पुसलेली फाइल महिनाभर परत मिळते, फुकटच्या खात्यातही. दादांनी आपला पासवर्ड घालून ते पान उघडलं असतं की झालं. पण त्या पानावर प्रत्येक फाइलपुढे, ती कुठून पुसली त्या कॉम्प्युटरचं नाव दिसलं असतं. वैशाली, वैशाली, वैशाली — खालपर्यंत. आई फोनच्या टेबलाला धरून उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही दादा," मी म्हणाले. "फुकटच्यात नाही ती सोय."

आई हळूच खुर्चीत बसल्या.

तो महिना मी कसा काढला, काय सांगू? फोन वाजला की हातातलं भांडं पडायचं. दादांना कुणी मित्र सांगेल, ते सहज पान उघडतील, संजय ऑफिसात कुणाला विचारेल... जेवताना कुणी 'कॉम्प्युटर' म्हटलं की मी उठून पाणी आणायला जायचे. आणि रोज वाटायचं, आज सांगते. अजून मिळेल, आज सांगते. आई तेवढ्यात नव्याने लिहायला बसल्या होत्या. दोन ओळी झाल्या की थांबायच्या. म्हणायच्या, लिहिलं तेव्हा आठवत होतं गं, आता नाही आठवत.

महिना संपला. आता कुणालाच काही सापडणार नव्हतं. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, किती दिवसांनी गाढ झोप लागली. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या झोपेची वाटते.

आईंनी कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण घातलं, ते काढलं नाही. मग मोबाइल नको म्हणाल्या. मग मिक्सर. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन त्या खाली लिफ्टमध्ये उभ्या राहायच्या, कुणी येईपर्यंत. शेजारचं कुणी आलं की हसून म्हणायच्या, "तूच दाब बाई, माझ्या हातून भलतंच व्हायचं." सगळे हसायचे. मीही हसायचे.

पुढच्या वर्षी त्यांना दवाखान्यात ठेवलं. रात्री मी घरी निघताना नर्सने माझ्यासमोरच बेल त्यांच्या हाताशी दिली होती, काही लागलं तर दाबा म्हणून. सकाळी मी डबा घेऊन गेले तर सलाइनचा हात कोपरापर्यंत सुजलेला. सुई सरकली होती. रात्रभर ठणकत होतं म्हणाल्या. बेल तशीच मुठीत.

"बेल का नाही दाबली, आई?"

"नको गं. चुकीचं काही दाबलं जायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागं तू एवढं सगळं करून दिलं होतंस, ते मी घालवलं. तुला वाईट वाटलं असेल ना?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. संजय खाली औषधं आणायला गेला होता. मला कुणी घाई करत नव्हतं. दादा नव्हते, ते पान केव्हाच गेलं होतं, माझं नाव आता कुठेच दिसणार नव्हतं — आणि तरी मी घाबरले.

"असू दे, आई," मी म्हणाले. "होतं असं."

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या मुठीतून बेल काढून घेतली आणि दाबली.