दोरीवरचे फोन

कमरेला काहीबाही अडकवून हिंडणारा माणूस दिसला की माझं तोंड आपोआप वाकडं होतं. बाजारात असले पट्टे, चिमटे, हूक आणि कव्हरं विकणाऱ्या टपरीसमोरूनसुद्धा मी पदर नाकाला लावून जाते. लोकांना वाटतं, नाटकं करते. करत असेन. पण किळस काही ठरवून येत नाही.

याचं मूळ आमच्या घरातच आहे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. कामठ्याजवळच्या आमच्या गावात आम्ही सगळे एकाच घरात राहतो. माझ्या नवऱ्याचं गोंदियाला दुकान आहे आणि धानाची शेती भासरेच बघतात. बघतात म्हणजे खरोखर नुसतं बघतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते कोणाला शिकायचं असेल तर रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर यावं.

भासऱ्यांच्या पोटाखाली एक रुंद पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर अख्खं दुकान. उजवीकडे मोठ्या फोनचं काळं कव्हर, त्याला चुंबकाचं झाकण, उघडताना-मिटताना टप्प वाजणारं. डावीकडे छोट्या फोनचं कव्हर. मध्ये एक लोखंडी हूक, त्याला ट्रॅक्टरची, मोटारसायकलची, पंपाच्या खोलीची अशा चाव्या, नेलकटर, आणि दात कोरायची एक पितळी काडी. त्या काडीनेच ते चुन्याची डबीही खरवडतात. शेवटी कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा, त्यात खर्र्याची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पुडी. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला चुरा. आमच्या जिल्ह्यात लोक भात जास्त खातात की खर्रा, हे मला अजून कळलेलं नाही.

जेवायला बसताना हे सगळं पोटात रुततं. मग ते पट्टा सोडतात आणि ताटाच्या शेजारी जमिनीवर ठेवतात. कव्हरांची आतली बाजू घामाने पांढरी पडलेली, कडा काळ्या, चिमट्यातल्या पन्नीला लाल चुरा चिकटलेला. त्याला जो वास येतो तो ओल्या चपलेचाही नाही आणि तंबाखूचाही नाही, दोन्ही मिळून तिसराच काहीतरी आहे. वीस-बावीस वर्षं मी श्वास रोखून त्यांना वाढलं. आता ते स्वतःच्या हाताने वाढून घेतात. हे कशामुळे झालं, तेच सांगायचं आहे.

त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी थेट बोलत नाही. डोक्यावरून पदर घ्यायचा, तोंड वळवायचं आणि जे सांगायचं ते सासूला, पोरांना, कोणीच नसेल तर भिंतीला सांगायचं. भासरा तिथेच बसलेला असतो, त्याला ऐकू जातं. तोही उत्तर भिंतीलाच देतो. आमच्या घरातल्या भिंतींनी या काळात फार शहाणपणाच्या गोष्टी ऐकल्या असतील. हा रिवाज मी पाळला, आणि खरं सांगायचं तर मला तो सोयीचाच होता. त्या माणसाशी बोलावं असं मला कधी वाटलं नाही.

रोवणीला आमच्याकडे बायांची एक ठरलेली टोळी येते. तिची म्होरकी माझ्याच वयाची, नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी, बस. मुलीचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. म्होरकी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरली की बाकीच्या तिच्या हाताकडे बघून रोवतात. तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. ओळीने वाकून, मागे मागे सरकत जायचं आणि बांधी संपेपर्यंत ओळ मोडायची नाही, ही त्यांची शिस्त.

आता सगळ्यांजवळ फोन आलेत. बाया तो पन्नीत गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवायच्या. दिवसभर वाकून काम, त्यात पाऊस. एकीचा फोन असाच सटकला आणि चिखलात गेला. तिने आणि तिच्या सोबतिणींनी पायांनी चाचपून चाचपून शोधला, पण चिखल काही परत देत नाही. तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना. गोंदियाला गेले तेव्हा बाजारातून फोन ठेवायची, पाणी न शिरणारी पारदर्शक पाकिटं घेतली, मागे जाड चिमटा असलेली. विकणारा म्हणाला, "कमर में फँसा लो दीदी, दोनों हाथ फ्री." सगळ्या बायांना पुरतील एवढी घेतली, सगळी एकसारखी.

बायांनी आपली युक्ती आपणच काढली. पुढे अडकवलं तर वाकताना पोटात टोचतं, म्हणून पाकीट मागे, कमरेला खोचलेल्या पदरावर अडकवायचं. वाकल्या की फोन पाठीवर. वाजला की शेजारची आपला एक हात लुगड्याला पुसणार आणि बटण दाबणार, जिचा आहे ती तशीच वाकून मोठ्याने बोलणार. हातातली रोपं खाली ठेवायची गरजच नाही. सासूने सुनेला दिलेल्या शिव्या, नातवाच्या जुलाबाची खबर, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं आणि ओळ हसत हसत मागे सरकायची. मला ते बघायला फार आवडायचं.

भासऱ्यांना नाही आवडलं. दोन दिवस त्यांनी धुऱ्यावरून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या सावलीसाठी धुऱ्यावर ताणलेल्या ताडपत्रीच्या दोन बांबूंमध्ये नायलॉनची दोरी बांधली. सकाळी कामाला लागायच्या आधी प्रत्येकीने आपलं पाकीट त्या दोरीला अडकवायचं, असं फर्मान निघालं. "रोवनी आहे का गप्पाचं दुकान?" म्हणाले. आणि दोरी ताणून बघत, अगदी खुशीत, म्हणाले, "बरं झालं चिमटे आले. आता अडकवाले सोपं जाते."

मी बायांच्या कमरेला म्हणून आणलेल्या वस्तूचा त्यांनी हा उपयोग शोधला. वाळत घातलेल्या मासळीसारखे ते फोन दिवसभर दोरीवर लटकायचे आणि त्यांच्याखाली खुर्ची टाकून दोन फोन पट्ट्याला लावलेला हा माणूस बसायचा. स्वतःचा फोन एका घंटीत उचलायचा. मला त्यांना सुनवायचं होतं. पण बोलायला समोर भिंत नव्हती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी म्होरकी सकाळीच आमच्या दारात आली. डोळे सुजलेले.

"बाई, पोरीले गोंदियाले दवाखान्यात नेलं," ती म्हणाली. "तिची सासू म्हनते, अजून टाईम आहे, आत्ताच नको येऊ. पन पोरगी लय भेऊन राहिली. म्हने, माय, मले आत नेतीन तवा मी तुले घंटी देतो. तू माझ्यासंग बोलजो, मंग मी नाही भेत."

"मग तू कामावर कायले आली? जा न तिच्याजवळ."

"रोपं उपटून ठेवले आहेत बाई. मी नाही गेली तं बाकीच्या बसून राहतीन. फोन आला का तशीच निघतो."

भासरे ओसरीत चहा पीत होते. मी पदर घेतला, तोंड वळवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, हिच्या पोरीचा दवाखान्यातून फोन येणार आहे. वाजला तं लगेच हिले द्या म्हणून सांगा." सासूबाईंनी मान हलवली. भासऱ्यांनी बशी ओठाला लावूनच "हूं" केलं. म्होरकीनेही ते "हूं" ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मालकाने हूं म्हटलं म्हणजे झालं काम, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

दुपारी मी डोक्यावर शिदोरीची टोपली घेऊन धुऱ्याने चालले होते. शेजारच्या बांधीत ट्रॅक्टर चिखल करत होता, त्याचा आवाज कान फाडणारा. बाया लांबच्या टोकाला पोचलेल्या. भासरे आपल्या मोठ्या फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होते. तेवढ्यात दोरीवरचा एक फोन वाजायला लागला. ओळीत म्होरकीचं डोकं वर झालं. इतक्या लांबून, त्या आवाजातून तिला तो कसा ऐकू गेला ते मला माहीत नाही.

भासऱ्यांनी बोलणं थांबवलं नाही. एक हात वर करून त्यांनी पाकिटावरून अंगठा फिरवला आणि घंटी बंद झाली. म्होरकी रोपांसकट उभी राहिली होती. तिच्याकडे बघून त्यांनी हात झटकला आणि ओरडले, "कंपनीचा आहे, कंपनीचा! रोव तू!"

सिमकार्डवाल्या कंपनीचे जाहिरातीचे फोन येतच असतात. ती पुन्हा वाकली.

मी टोपली खाली ठेवली आणि ते पाकीट दोरीवरून ओढून काढलं. म्होरकीला वाचता येत नाही, म्हणून तिच्या मुलीने स्वतःच्या नंबरावर आपला फोटो लावून दिला होता. न घेतलेल्या फोनच्या जागी तो फोटो होता. लग्नातला, कपाळाला मुंडावळ्या, हसरा. पाकिटाच्या प्लास्टिकवर भासऱ्यांच्या अंगठ्याचा लाल, खर्र्याचा ठसा उमटला होता, बरोबर त्या पोरीच्या तोंडावर.

मी पदराने तो ठसा पुसला आणि बांधीत उतरून पळत सुटले. म्होरकीने फोटो बघितला आणि हातातली रोपं चिखलात टाकून दिली. आम्ही परत फोन लावला, पुन्हा लावला. वाजत राहिला. शेवटी मुलीच्या सासूने उचलला. आताच आत नेलं, ऑपरेशन करावं लागणार, असं म्हणाली.

मी घरून माझी स्कूटर काढली आणि तिला मागे बसवून गोंदियाला नेलं. तिच्या पायांचा चिखल रस्त्यातच वाळला. दवाखान्याच्या दारावरच्या माणसाने त्या पायांकडे बघून नाक मुरडलं. त्याला मी असं काही सुनावलं की तो बाजूला झाला.

बराच वेळ आम्ही बाकावर बसून होतो. म्होरकी एकदाच बोलली. "कंपनीचा म्हनला नं तो?" असं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हाताची नखं कोरत बसली. नखांत चिखलच होता.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोन्ही ठीक. संध्याकाळी आम्हाला वॉर्डात सोडलं. म्होरकी खाटेजवळ गेली आणि पोरीच्या कपाळावर हात ठेवला. पोरीने मान भिंतीकडे वळवली.

"मी घंटी दिली तं तू कापली," ती म्हणाली.

म्होरकीने पोरीच्या कपाळावरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं. मालकाचं नाव मालकाच्या घरच्या बाईसमोर कसं घ्यायचं, हे त्या नजरेत होतं. उद्या पुन्हा त्याच बांधीत उतरायचं होतं तिला. स्वतःची पोर गेली तरी चालेल अशी ती आई नव्हती, पण पोरीच्या लेखी ती तशी ठरत होती आणि तरीही ती गप्प होती. मला आमच्या घराची, आमच्या धानाची, आमच्या भाताच्या प्रत्येक घासाची शिसारी आली.

मी माझा फोन काढला, भासऱ्यांना लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. पहिल्याच घंटीला उचलला.

"हॅलो, कोन?"

"मी. धाकटी."

इतक्या वर्षांत त्यांच्या कानात माझा आवाज सरळ असा पहिल्यांदाच जात होता. पदर माझ्या खांद्यावर होता आणि मी तो वर घेतला नाही.

"दुपारचा फोन तुम्ही कापला," मी म्हटलं. "हिच्या मायने नाही. पोरगी ऐकून राहिली आहे, तिले तसं सांगा."

"अवं, काम चालू होतं," ते म्हणाले. "एवढाले फोन वाजते, कोनाकोनाचा पाहू मी? सारे एकसारखे. मले वाटलं कंपनीचा आहे."

"फोटो होता त्याच्यावर."

"असंन," ते म्हणाले. मग त्यांनी थुंकलेलं ऐकू आलं, अगदी कानाशी, लांब आणि सावकाश. "बरं, झालं नं सारं बरोबर? पोरगं का पोरगी? अन् म्होरकीले म्हना, उद्या लवकर ये. आज अर्धी बांधी राहिली."

मी फोन बंद केला. म्होरकी पोरीच्या पायाशी उभी होती, चादरीची घडी उगाच सारखी करत.

पोरीने मान आमच्याकडे वळवली. ती रडत नव्हती. आईकडेही बघत नव्हती, माझ्या हातातल्या बंद फोनकडे बघत होती.

"उचलून एवढंच सांगाचं होतं नं, तुही माय चिखलात आहे म्हनून," ती म्हणाली. "आतमधी मले वाटलं, आता मी मरतो. अन् तवाबी मले मायचा रागच येऊन राहिला होता."