तिसऱ्या मजल्यावरचा मीटर खाली आणणारे दळवीसाहेब

दळवीसाहेब आमच्या रसायनांच्या कारखान्यात उत्पादन व्यवस्थापक म्हणून आले, त्याच आठवड्यात माझी त्यांच्याशी ओळख झाली. ओळख चांगल्या कारणाने झाली नाही. दुपारचे दोन वाजले होते आणि माझ्या लॉगशीटवर चार वाजेपर्यंतचे तापमान लिहून झाले होते.

साहेबांनी घड्याळ पाहिले. "चार वाजले का?"

"नाही, साहेब."

"मग चारचं तापमान तुम्हाला कसं कळलं?"

"रोज तेवढंच असतं, साहेब."

ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून चार वाजेपर्यंत माझ्याजवळ बसले. चारला आम्ही दोघे जिना चढून पहिल्या मजल्यावर गेलो. मीटरवरचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा बराच वेगळा होता. मला मेमो मिळणार असे मी धरून चाललो होतो. तो आला नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा सगळीकडे हेच चालायचे की नाही, ते मला माहीत नाही, आमच्याकडे चालायचे. चहाच्या वेळी सगळा कागद एकदम भरून टाकायचा. साहेबांनी शिक्षा न करता एक नियम काढला. आकडा पाहिला नसेल तर जागा कोरी सोडा, कोणी जाब विचारणार नाही. पहिल्या महिन्यात निम्मे कागद कोरे गेले. मुंबईच्या ऑफिसातून एक अधिकारी आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "दळवी, तुम्ही माणसांना आळशी करताय."

साहेब म्हणाले, "आधी कागद पूर्ण भरलेला यायचा आणि खोटा असायचा. आता निम्मा तरी खरा आहे. उरलेला निम्मा का कोरा राहतो, ते मी शोधतोय."

आणि त्यांनी ते खरोखर शोधले. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म घेऊन ते कॅन्टीनमध्ये प्रत्येकाजवळ बसत आणि विचारत, "तुमचं काम नीट व्हावं म्हणून मी काय बदलू?" कुठे जिन्यावर दिवा नव्हता, कुठे एका माणसाकडे दोन रिअॅक्टर होते. एकेक अडचण दूर होत गेली. वर्षभरात बिघडणाऱ्या बॅचेस इतक्या कमी झाल्या की मुंबईहून तेच अधिकारी नियम समजून घ्यायला परत आले.

आता मला माझ्या थोरल्या भावाबद्दल लिहायचे आहे. शांतारामदादा त्याच विभागात सर्वांत जुने ऑपरेटर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी; तिथून आम्ही दोघे एकाच बसने कामावर यायचो. दादा तिसऱ्या मजल्यावर मीटर पाहून आकडा ओरडून सांगायचे आणि मी खाली वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचो. कोऱ्या जागेचा नियम आला आणि सर्वांत जास्त कोऱ्या जागा दादांच्या कागदावर दिसू लागल्या.

"काय शांतारामदादा, पेनातली शाई संपली काय?" कोणीतरी टोमणा मारला.

"शाई हाय रे. तू तुझा कागद भर."

पुढच्या महिन्यात साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरचा मीटर काढून खाली व्हॉल्व्हशेजारी बसवला. "जो व्हॉल्व्ह फिरवतो, त्यालाच आकडा दिसला पाहिजे," एवढेच कारण दिले. दादांना नवीन माणसांना शिकवण्याचे काम दिले. दादांना बाजूला बसवले, असे सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. त्यानंतर मी साहेबांशी माझ्या निवृत्तीपर्यंत कामापुरतेच बोललो. त्यांनी मात्र माझ्या फॉर्मवर दरवर्षी चांगलेच लिहिले आणि पुढे शिफ्ट इन्चार्ज म्हणून माझेच नाव सुचवले.

गेल्या महिन्यात दादा गेले. सकाळी घरासमोर आवाठात उभे होते, दुपारी नव्हते. त्यांच्या बाराव्याला दळवीसाहेब वाडीवर आले. त्याआधी साहेबांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे हा लेख मागितला होता आणि मी नकार कळवला होता. साहेबांना ते ठाऊक होते. तरी त्यांनी तो विषय काढला नाही. मीच काढला. विचारले, "साहेब, दादांना तुम्ही खाली का आणलंत?"

त्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "आता सांगा."

"शांतारामना तो मीटर दिसत नव्हता, डोळे अधू झाले होते. दोन वर्षं ते पाइपवर हात ठेवून आणि मोटरचा आवाज ऐकून आकडा सांगत होते. कोऱ्या जागा सोडायला लागल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी खरं सांगितलं."

दोन वर्षे मी अंदाजाच्या आकड्यावर वाफ सोडत होतो. आजूबाजूला माणसे काम करत होती. एका घरात राहून, एका बसने जाऊन मला हे कळले नव्हते.

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, 'धाकल्याला नका सांगू, साहेब. माझ्या आकड्यावर तो व्हॉल्व्ह फिरवतो. कळलं तर त्याचा हात परत त्या व्हॉल्व्हवर जायचा नाय.' मी शब्द दिला."

तो शब्द साहेबांनी अकरा वर्षे पाळला. एका वाक्यात माझा राग गेला असता, पण ते वाक्य त्यांनी दादा असेपर्यंत उच्चारले नाही. घरी परत जाताना त्यांनी मला एवढेच सांगितले की कारखान्यातला सर्वांत अवघड कागद दादांनी भरला, तो कोरी जागा सोडून.

हा धक्का अजून ओसरलेला नाही. दादांवर रागवावे की रडावे, तेही मला ठरवता येत नाही. वहिनींना विचारून मी हे लिहिले आहे. साहेबांना विचारलेले नाही, ते नको म्हणाले असते.

साहेबांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, असे या ग्रंथात सगळेच लिहितील. माझे मागणे थोडे स्वार्थाचे आहे. वहिनींखेरीज माझ्या सख्ख्या भावाला माझ्याहून जास्त ओळखणारा माणूस आता तेवढाच उरला आहे. येत्या रविवारपासून मी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. दादांनी त्यांना आणखी काय काय सांगितले होते, ते ऐकायचे आहे. ते सांगून व्हायला साहेबांना बरीच वर्षे लागोत.