चुन्याची रेघ आणि फुलाचा कप

डॉक्टरांनी काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हा तुमचा एक्स-रे."

एक्स-रे म्हणजे छातीच्या आतला फोटो. इतक्या सुबक बरगड्या आपल्या असतील असं मला वाटलं नव्हतं, म्हणून मी आधी त्याच पाहत राहिलो. उजवीकडे वर एक पांढुरकं कडं होतं. त्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "ही कॅव्हिटी. फुप्फुसाला पडलेलं भोक. तुम्हाला टीबी आहे, क्षय."

मी राजूरच्या कोळसा खाणीवर बत्तीघरात कामाला होतो. खाली उतरणाऱ्याला बत्ती द्यायची, वर आला की परत घ्यायची. स्वतः मी कधी उतरलो नाही, भीती वाटायची. ते भोक पाहून मी डॉक्टरांना म्हणालो, "मी खाणीत उतरलो नाही, म्हणून खाणच माझ्यात उतरली की काय?"

यवतमाळच्या त्या दवाखान्यात माझा हा विनोद कोणालाही आवडला नाही.

खोकला वर्षभर होता. पण राजुरात कोळसा आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत. तिथं न खोकणारा माणूस पाहुणा समजायचा. संध्याकाळी अंगात कणकण यायची, पहाटे सदरा घामानं भिजायचा. पोट उतरलं तेव्हा मी आरशापुढं उभा राहून खूश झालो होतो. चाळिशीत असं पोट उतरलं तर तुम्ही खूश होऊ नका. स्प्युटम तपासून घ्या. स्प्युटम म्हणजे खोल खोकून काढलेला बेडका. मी पहिल्यांदा नुसती थुंकी नेऊन दिली आणि कंपाउंडरनं मला बाटलीसकट परत पाठवलं.

औषध लिहून देताना डॉक्टरांनी विचारलं, "घरी लहान मूल आहे?"

"आहे. तीन वर्षांची मुलगी."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "तिला जवळ घ्यायचं नाही. तुमचं अंथरूण, ताट, कप वेगळं. मोठ्या माणसात हा रोग छातीत रेंगाळतो. लहान मुलात कधी कधी डोक्यात चढतो. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही."

परतीच्या एसटीत औषधाची पिशवी मांडीवर होती, पण डोक्यात एकच शब्द घुमत होता. वेगळा कप.

तो शब्द आमच्या घरात कसा पडणार, हे मला माहीत होतं. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्याआधी आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेरच्या कोनाड्यात असायचे, कान तुटलेले. चहा वरून ओतायचे. कप आपणच धुऊन ठेवायचा. दीक्षेहून परतल्यावर माझ्या मायनं एक मोठी परात आणली आणि घरातली सगळी ताटं माळ्यावर टाकून दिली. त्या दिवसापासून आम्ही सगळे एकाच परातीत जेवत होतो. पाहुणा आला तरी त्यालाही परातीलाच बसावं लागे.

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. माय चुलीपुढं भाकरी थापत होती.

"काय म्हन्लं? येगळा कप?"

"माय, रोगासाठी म्हन्लं त्यानं."

"कशासाठीही म्हनो. माह्या पोराले पुन्हा येगळा कप? मी जित्ती असेपर्यंत नाही."

माझी बायको शांता हळूच म्हणाली, "आत्याबाई, बेबीसाठी तरी..."

"तू चूप वो. बापाच्या मांडीवर पोरगी बसली त कोन्तं आभाळ पडते?" असं म्हणून तिनं बेबीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्यापुढचा अर्धा घास उचलून आपल्या तोंडात टाकला. मग धुरानं तिला ठसका लागला आणि ती बराच वेळ खोकत राहिली.

मी काय केलं? खाणीवरच्या युनियनच्या सभेत मी दणकून बोलायचो. घरात मी मांडीवरची पोरगी घेऊन गप्प बसलो. मायपुढं माझी छाती भोक पडायच्या आधीपासूनच पोकळ होती.

स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं. म्हणजे रोजची सुई. मला बसायची जागा उरली नाही, मी कुशीवर पडून जेवू लागलो. सोबत पास नावाच्या औषधाच्या मोठाल्या गोळ्या, मूठमूठभर. तोंडाची चव गेली. परात मात्र तीच राहिली.

हिवाळा लागला तशी बेबी खोकू लागली. मी खोकलो की तीही खोकायची. आम्हाला वाटलं, नक्कल करते. शेजारच्या म्हातारीच्या लंगडण्याचीही ती नक्कल करायची. आम्ही हसायचो. मग एका संध्याकाळी मी खोकलो नव्हतो, तरी ती खोकली.

शांतानं तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा कणकण. तिसऱ्या दिवशी पोरगी परातीवरून उठून भिंतीला टेकून बसली. डोकं दुखते, म्हणाली. मला डॉक्टरांची खाली ठेवलेली लेखणी आठवली.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याची प्रचाराची गाडी आली. बाजाराच्या मैदानात दोन कडुलिंबांच्या मध्ये पडदा बांधला. अंधार पडल्यावर अख्खं राजूर खाली बसलं. माय म्हणाली, "चाल, सिनेमा पाहू." ती आमच्यामध्ये बसली, बेबी तिच्या खांद्यावर.

सिनेमात माणसं नव्हतीच. काढलेली चित्रं होती आणि ती हलत, बोलत होती. एका झाडाच्या ढोलीत खारींचं घर. आजी, आई, बाप, पिल्लू, सगळी एकाच ढोलीत दाटीवाटीनं. बाप खोकला की त्याच्या तोंडातून काळे ठिपके निघत. ठिपक्यांना पाय होते, आणि ते रांगेनं गाणं म्हणत चालत. लोक पोट धरून हसले. ठिपके चालत चालत पिल्लाच्या उशीपाशी गेले. पिल्लाचे गाल चित्रागणिक आत जाऊ लागले. मैदान गप्प झालं.

त्या शांततेत बेबी खोकली.

पुढं बसलेल्या दोन-तीन जणांनी मागं वळून पाहिलं. मायनं पदर तिच्या तोंडावर ओढला.

पडद्यावर बाप खार उठली. शेपटी टेकवत तिनं फांदीवर एक रेघ मारली आणि पलीकडे जाऊन बसली. आजी रडत धावली. बापानं पंजा वर केला, थांब. मग आजी अलीकडूनच एकेक शेंग टाकू लागली, आईनं ढोली झाडली, आणि बापाला एवढंच काम उरलं, जागच्या जागी बसायचं. रोज रेघ थोडी पुसट व्हायची.

घरी येताना मी मायला विचारलं, "पाहिलं?"

"पाहिलं. खारींच्यात शिवाशिव नसते, म्हून त्याहीचं जमते."

ती चुकीचं बोलत नव्हती. आजवर आमच्यापुढची रेघ नेहमी दुसऱ्यानं मारली होती. स्वतःसाठी स्वतःच रेघ मारणारं कोणी मी त्या खारीआधी पाहिलं नव्हतं.

सकाळी मी भट्टीवरून ओंजळभर चुना आणला. घरापुढच्या छपरीत माझी बाज ओढली आणि तिच्याभोवती रेघ मारली. रेघ वाकडी आली.

"काय करून राह्यला रे, गुलाब?"

"माय, ही रेघ म्या मारली. कोनी मले बाहेर नाही टाकलं. बेबी हिच्या आत येनार नाही, आन् मी परातीले बसनार नाही. तुह्या पाया पडतो, पन तूही येऊ नको."

पाया पडतो म्हणालो खरा, पण पाया पडायला रेघेबाहेर जावं लागलं असतं. म्हणून जागेवरूनच हात जोडले.

माय ओरडली नाही. लुगडं बदललं आणि न जेवता निघून गेली. शांता म्हणाली, "माहेरी गेल्या असतील." मी म्हणालो, "या वयात?" दिवसभर आम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसलो. आत बेबी तापानं कण्हत होती, आणि पहिल्यांदाच मी उठून गेलो नाही. रोगात याहून कठीण मला काही गेलं नाही.

दिवस कलताना माय वणीच्या बाजारातून परतली. पदरात बांधलेली वस्तू तिनं रेघेपाशी ठेवली. चिनी मातीचा कप होता. निळ्या फुलांचा, सोनेरी काठाचा, कान शाबूत. असा कप खाणीच्या साहेबाकडेही नसेल. आम्ही बाकीचे जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पेल्यात चहा प्यायचो.

"येगळा म्हन्ते त येगळा," ती म्हणाली. "पन मंग सगळ्याइच्याहून भारी."

आणि धूर नसतानाही ती खोकली.

दुसऱ्या दिवशी मायला सोबत घेऊन बेबीला यवतमाळला नेलं तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर रेघेविना रेघ पाळत बसलो. एक्स-रे, रक्त, हातावर टोचून तिसऱ्या दिवशी गाठ येते का ते पाहणं. शांता बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मग म्हणाली, "छाती साफ हाय वो. टॉन्सिल हाय. आन् पोटात जंत."

जंत हा शब्द ऐकून आनंदानं रडलेला मी बहुधा जिल्ह्यातला एकटाच बाप असेन.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. बेबीकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते मायकडे पाहत होते. "आजी, हा खोकला कधीपासून?"

"धुराचा हाय, बाप्पा."

"इथं धूर कुठं आहे? तुमचाही फोटो काढू."

तिच्या फोटोत दोन्हीकडे डाग होते.

घरी आल्यावर तिनं कोणाला काही सांगू दिलं नाही. स्वतःच चुना घेतला, आपल्या बाजेभोवती रेघ मारली, माझ्यापेक्षा सरळ. माझ्याजवळचा फुलाचा कप मागून घेतला, उकळत्या पाण्यातून काढला आणि उशाशी ठेवला. मला वणीहून दुसरा आणायला लावला.

माझ्या बेडक्यात पुढं जंतू सापडेनात. माझी रेघ पुसली, मी कामावर गेलो. आता म्हणतात, ताटाकपातून हा रोग फारसा जात नाही, खोकल्यातून जातो. तेव्हा आम्हाला जे सांगितलं ते पाळलं. मायची रेघ मात्र पुसट होत नव्हती. तिचं शरीर थकलं होतं, सुईनं कानात आवाज यायचा. बेबी अलीकडे बसून तिला खारीची नक्कल करून दाखवायची. तिचं हसणं खोकल्यात जायचं, आणि तोंडावर पदर धरून ती पाठ फिरवायची.

मी चहा घेऊन जायचो. मन मानायचं नाही, एक पाऊल आत पडायचंच.

"पाय मांगं घे रे," ती म्हणायची. "कप तिथंच ठेव. मी घेतो ना."

मग वाकून, हात लांब करून, ती तो कप स्वतः उचलायची.

तुमच्या घरी कोणाचा कप वेगळा ठेवायची वेळ आली, तर आधी बाजारात जा.