देवमाशावर बसलेला पुणेकर

२०२१च्या उन्हाळ्यात निर्बंध उठले आणि दीड वर्ष सँट्री या आयरिश उपनगरातल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर काढलेला मी बायकोला घेऊन डून लेरी या बंदराच्या गावी गेलो. तिथे एका जुन्या चर्चमध्ये सागरी संग्रहालय आहे. डार्ट लोकलमधून उतरल्यापासून मी तिला होड्या, मासेमारी आणि देवमाशांची शिकार यांवर ज्ञान देत होतो. सगळं आदल्या दिवशी वाचलेलं. ती रत्नागिरीची, बंदराशेजारी वाढलेली. ती नुसतं "हं" म्हणत होती.

देवमासे मारायचे भाले, म्हणजे हार्पून, बघता बघता माझे पाय भरून आले. कोपऱ्यात एक ओबडधोबड, करडं स्टूल दिसलं. बसलो.

"अरे, ऊठ! पाटी वाच," बायको कुजबुजली.

तो देवमाशाचा मणका होता.

तेवढ्यात तिथले वयस्कर स्वयंसेवक आले. उभा जन्म मासेमारीत गेलेला माणूस. फक्त हात जोडायचे बाकी होते.

"यू आर ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे 'असू द्या हो'. "आजीच्या स्वयंपाकघरात असाच एक होता. आम्ही पोरं त्यावर बसूनच जेवायचो."

विषय इथे संपायला हवा होता. पण गेलेली अब्रू परत मिळवायच्या नादात मी ठोकून दिलं, "माझे आजोबाही मासेमारच होते."

आजोबा पोस्टात होते. नदीवरचा पूलही जपून ओलांडायचे.

म्हाताऱ्याचे मास्कवरचे डोळे चमकले. त्यांनी फाटक्या जाळ्याचा तुकडा आणि दोरा भरलेली लाकडी सुई माझ्या हातात दिली. "मग दाखवा, तुमच्याकडे कसं विणतात."

मी बुटाची नाडी बांधतो तशी एक गाठ मारली. ती सोडवायला दुसरी. तिसरीत माझं बोटच अडकलं.

"हा पुण्याचा आहे," बायकोने शेवटी त्यांना सांगितलं. "तिथे समुद्र नाही. आणि हा मासे खातही नाही."

"खोटं बोललो, सॉरी," मी पुटपुटलो.

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग कात्रीने माझं बोट सोडवलं आणि अर्धा तास आम्हा दोघांना विणायला शिकवलं. बायकोला एकदाच दाखवावं लागलं, मला सात वेळा. अखेर मला जाळ्याची तीन घरं जमली. मी लगेच फोटो काढून आईला पाठवला.

निघताना दारातून हात करायला वळलो, तर ते खाली मान घालून माझी तिन्ही घरं उसवत होते. बायकोची तशीच ठेवली होती.