जावातली काठाची साडी

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. जपून ठेवावे लागत नाहीत, उलट टाकून देता येत नाहीत! लग्नात कुणी भेटलं की हमखास म्हणणार, "महाजन सर, होऊन जाऊ द्या एखादा!" मग मी सांगतो, पोरं कशी वेड्यासारखी उत्तरं देतात ते. लोक हसतात, जिलेबी वाढली जाते. फक्त एक गोष्ट मी कधी सांगत नाही. यातल्या बहुतेक किश्शांत येडा मी स्वतःच होतो. आज खरं तेच सांगतो. लाज वाटते, पण वाटू दे.

*

आमचे क्लासेस सुरतेत, उधन्याला, एका लेसच्या दुकानाच्या वर. मी मूळचा टॅली आणि टायपिंगचा सर. जावा शिकवणारा मुलगा एका सोमवारी आलाच नाही. बडोद्याला नोकरी लागली म्हणे. आमचे मालक भावेशभाई माझ्याकडे आले, त्याच्या नोट्सची फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "महाजनसर, चार दिवस वांची लो ने. थई जशे!"

चार दिवसांत माणूस स्कूटर शिकत नाही हो! पण टॅलीच्या बॅचला तीनच पोरं उरली होती. मीही म्हणालो, "थई जशे," होऊन जाईल.

इनहेरिटन्सच्या धड्यातून मला एवढंच कळलं: जावात क्लास म्हणजे एखाद्या वस्तूचा साचा. नव्या साच्यापुढे 'एक्स्टेंड्स' लिहून जुन्याचं नाव टाकलं, की जुन्याचं सगळं नव्याला आयतं मिळतं. एवढ्या भांडवलावर मी फळ्यासमोर उभा राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची!

*

पहिल्याच आठवड्यात मी उदाहरण दिलं, 'मुलगा एक्स्टेंड्स वडील'. पोरं खूश. राहुल नावाच्या पोराने लगेच प्रोग्रॅम लिहून चालवला. स्क्रीनवर आलं: नाव राहुल, वय बावन्न, मिशी आहे.

"सर, माझं वय बावन्न कसं?"

मला काय माहीत! मी चष्मा वर केला, स्क्रीन नीट पाहिली आणि म्हणालो, "बरोबर आहे. यालाच संस्कार म्हणतात."

वर्ग हसला, मीही हसलो. मागच्या बाकावरून हर्षाली उठली, राहुलच्या कीबोर्डवर वाकली, दोन ओळी लिहिल्या. राहुल एकोणीस वर्षांचा झाला, मिशी गेली. ती जागेवर जाऊन बसली. आणि मी? मी म्हणालो, "हां, असंही करता येतं."

ही हर्षाली जवळच्या बमरोलीची. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई घरी साड्यांना लेस लावायची आणि ही शाळेत असल्यापासून आईला हातभार लावायची. वर्गात निम्मी पोरं सर्टिफिकेटसाठी येतात, हिला नोकरी हवी होती. वडिलांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत ऑफिसात लाग, नाहीतर घरातलं काम आहेच. हे तिनेच मला ॲडमिशनच्या दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

*

मग पालकांचा दिवस. भावेशभाई आईवडिलांना वर्ग दाखवत फिरत होते, आणि नेमका तेव्हाच माझा प्रोग्रॅम अडला. मोठ्या स्क्रीनवर लाल अक्षरांच्या ओळीच्या ओळी! मी वळून पालकांना सांगितलं, "लाल अक्षरं आली म्हणजे कॉम्प्युटर विचार करतोय."

पालकांनी माना डोलावल्या. हर्षालीचे वडील तेवढे पुढे आले. पाळी संपवून सरळ आले असावेत, कानामागे कापसाचा भुगा होता. म्हणाले, "सर, आमना लूमवर लाल लाइट लागना, का समजानं धागा तुटना."

मी अमळनेरचा. अहिराणी माझ्या आईची भाषा, शब्द न् शब्द कळला. पण भावेशभाई बाजूला उभे होते. मी हिंदीत म्हणालो, "अच्छा, अच्छा, बहुत बढिया," आणि मशीन बंद करून टाकलं. ते बिचारे मला नमस्कार करून गेले.

*

आता साडी. फाइलमध्ये कुत्र्या-मांजराची उदाहरणं होती. मला वाटलं, सुरतेत बसून कुत्री-मांजरं कशाला? आपण कापडातलं घेऊ! मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिलं, 'साडी एक्स्टेंड्स काठ'. म्हटलं, काठाचा रंग, काठाची रुंदी, सगळं साडीला आयतं मिळालं की नाही? पोरांनी वह्यांत उतरवलं.

राहुलने हात वर केला. "सर, जावात एका क्लासला एकच बाप चालतो ना? मग पदराचं काय?"

मी अडकलो. पण थांबतोय कशाला! म्हणालो, "जावातल्या साडीला एकच मिळतं. काठ घ्या, नाहीतर पदर!"

हा किस्सा मी लग्नात सांगतो. भारी चालतो. इथेच थांबवतो, कारण पुढचा भाग चालण्यासारखा नाही.

पुढे हर्षाली उभी राहिली. हळूच म्हणाली, "सर, साडी म्हणजे काठ नाही ना. काठ वेगळा असतो, तो साडीला लावतात. आमच्या घरी रोज लावतो आम्ही."

अगदी बरोबर होती. जावात हाच फरक शिकवायचा असतो: एखादी वस्तू काय 'आहे' आणि तिच्यात काय 'असतं'. पोरीला ते हातानं कळलं होतं, मला फाइल वाचून कळलं नव्हतं. आणि मी काय बोललो?

"तू इथे जावा शिकायला आलीस की लेस लावायला?"

वर्ग फुटला हसून. ती खाली बसली. नंतर पूर्ण बॅचभर तिने एकदाही हात वर केला नाही, वहीत मी सांगेन तेच लिहिलं. मला तेव्हा बरंच वाटलं, शांतता झाली म्हणून.

*

दिवाळीच्या आधी केतनचा फोन आला. केतन माझा जुना दोस्त, सुरतेतच पर्वत पाटिया भागात त्याचं छोटं ऑफिस आहे, कापड मार्केटवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. हसूच आवरत नव्हतं त्याला.

"महाजन, सुन. एक लडकी आई थी इंटरव्यू में. अपने धंधे का ही सवाल पूछा, साडी और बॉर्डर का क्लास बनाओ. बोली, साडी एक्स्टेंड्स काठ! मैंने पूछा, और पल्लू? तो बोली, जावा में एक ही मिलता है!"

माझ्या बॅचमधून दिवाळीआधी नोकरी शोधणारी एकच पोर होती, हर्षाली.

"किस क्लास में सीखी, पूछा मैंने," केतन म्हणाला. "क्लास का नाम ही नहीं लिया. बोली, खुद से सीखी. बाकी लडकी होशियार थी यार, पर ये सुनके मैंने ना बोल दिया. कौन सिखाता है इनको?"

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य होतं, 'मी शिकवतो.' केतनने तिला परत बोलावलंही असतं, माणूस वाईट नाही तो.

मी हसलो. चांगला जोरात हसलो. म्हणालो, "आजकल के बच्चे, यूट्यूब देखके आ जाते हैं!"

त्यानंतर रोज ठरवायचो की केतनला फोन करू. दिवाळी गेली.

*

एवढं मात्र केलं, की धडा नीट वाचला. पहिल्यांदा, चांगले दोन महिने लावून. जानेवारीच्या बॅचला फळ्यावर बरोबर लिहिलं: साडी हे कापड आहे, म्हणून 'साडी एक्स्टेंड्स कापड'. काठ आणि पदर साडीत असतात, म्हणून ते साडीच्या क्लासच्या आत लिहायचे, दोन्ही मिळतात.

मागच्या बाकावर हर्षाली होती. पुन्हा त्याच कोर्सला. सकाळी घरी लेस लावायची आणि दुपारी यायची. भावेशभाईंना म्हणाली होती, मागच्या वेळी माझं लक्ष नव्हतं.

तिने हात वर केला.

"सर, मागच्या बॅचला वेगळं लिहिलं होतं."

बावीस पोरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भावेशभाई दारातच उभे होते.

मी म्हणालो, "तू चुकीचं उतरवून घेतलं असशील."

तिने पिशवीतून जुनी वही काढली, पान उघडलं. मी बाकाजवळ गेलो होतो, मला दिसलं. 'साडी एक्स्टेंड्स काठ', खाली लाल पेनाने बरोबरची खूण, 'व्हेरी गुड', आणि माझी सही.

शेजारची मुलगी वाकून बघायला लागली. हर्षालीने सहीवर तळहात ठेवला.

"हो सर," ती म्हणाली, "माझंच चुकलं."