शोकपुस्तिकेवाली बिरागो

बाजरीची पेज रटरटत होती, नवरा शर्ट शोधत घरभर फिरत होता, तेवढ्यात दार धडधडलं. बिरागो. तापलेलं लेकरू धरावं तसा लॅपटॉप छातीशी.

"मामे, डिस्क भरली म्हणतो हा दगड! काही सेव्हच करू देईना. जुने स्नॅपशॉट पुसू का, विचारतोय. मी हात नाही लावला."

"जन्मात एकदा शहाण्यासारखी वागलीस. बस, पेज घे."

"बोआहेन मास्तरांचं छापायला गेल्याशिवाय घास उतरायचा नाही."

तिचं असंच. इथे घानात, कुमासीत आमच्या भागात कुणी गेलं की अंत्यविधीची पुस्तिका बिरागोच करते: फोटो, जीवनचरित्र, एकेकाचे निरोपाचे शब्द. ओळख असो नसो, आधी रडते. मग नाक पुसत फोटोतला मयताचा टाय सरळ करते.

मास्तरांची धाकटी बायको दुफी. तिने निरोपाचे शब्द सांगितले, बिरागोने टाइप केले. पण आमच्यात मयतावर हक्क आईकडच्या कुळाचा; मास्तरांच्या त्या कुळाचा म्होरक्या आला आणि समोर उभं राहून ते पान काढायला लावलं. काल दुफीचे भाऊ रिवाजाप्रमाणे माफीच्या दारूच्या बाटल्या घेऊन त्याच्याकडे गेले, समेट झाला. आता पान परत हवं, संध्याकाळी छपाई.

"दुफीलाच विचार ना पुन्हा."

"विचारलं. म्हणाली, जे होतं ते तुझ्यापुढे सांगून टाकलं. आता आत काही नाही."

तिच्या लॅपटॉपवर मीच बसवून दिलेलं लिनक्स आपोआप फायलींचे ठसे धरून ठेवतं, त्या त्या घडीला होत्या तशा, तेच स्नॅपशॉट. फायली पुसल्या तरी ठशांत राहतात, म्हणून डिस्क तुंबली होती. मी एकेक उघडत मागे गेले. पान मिळालं ते सर्वांत जुन्या ठशात, आणि पंधरा दिवस झालेला ठसा पुसायचा या नियमाने मशीन आज तोच पुसणार होतं.

आधी पान पेनड्राइव्हवर घेतलं, मग मधले ठसे काढून जागा केली. बिरागोने पडद्यावर दुफीचे शब्द वाचले. पुन्हा रडली.

"आता तरी पेज घे गं."

"घेते. मामे, पंधरा दिवसांत आपल्याकडे काय होतं? माणूस महिनोन्महिने शवागारात, आणि घरचे तोवर भांडतात."

"मग?"

"मयत मातीत जाईपर्यंत त्याचे ठसे पुसायचे नाहीत, एवढं याला लावून दे."