लताताईंच्या नावाची वही

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, भिजलेले वाल अर्धेच सोलून झाले होते आणि ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता. तेवढ्यात दाराची कडी वाजली. बेल असताना कडी वाजवणारा आमच्या कॉलनीत एकच माणूस, समोरचे शेखर पगारे.

"वहिनी, कामात आहात का?"

"सकाळी साडेआठला कोण नसतं? या आत."

ते आत आले, पण बसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, आमची लता, गेली. तेव्हापासून ते यायचे ते फक्त विरजण मागायला. एका माणसाचं दही ते केवढं, पण विरजण दर दोन दिवसांनी संपायचं. आज हातात वाटी नव्हती, मोबाइल होता.

पगाऱ्यांची चौतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये गेली, छापलेल्या नोटा तपासण्यात. लग्नपत्रिकेतली वाकडी रेघसुद्धा त्यांना मजकुराआधी दिसते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मुलीच्या, वेदिकाच्या, कॉलेजच्या पुस्तकांवरून ते कॉम्प्युटर शिकले आणि त्यांनी मोबाइलसाठी एक ॲप केलं, 'फवारणीची वही'. कल्पना लताची. तिच्या भावाची दिंडोरीला द्राक्षबाग. कुठलं औषध कधी मारलं आणि त्यानंतर किती दिवस थांबून माल काढायचा, हे ती भावासाठी कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवायची. ते कॅलेंडर पगाऱ्यांनी मोबाइलमध्ये आणलं. फुकट, जाहिरात नाही. आतली सगळी मांडणीही उघडी; कुणीही बघावी, सुधारावी. मला काही केल्या कळेना तेव्हा लता म्हणाली होती, "अगं, तू भाजणीचं प्रमाण सगळ्यांना सांगतेस ना, तसंच."

फक्त बनवणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा पगारे घाबरले. सरकारी नोकरी, बाहेरचे उद्योग करतो म्हणून कुणी विचारलं तर? त्यांनी बायकोचं नाव टाकलं. "घ्या! नोटांवर तुमचं नाव नाही, इथेही नाही," असं लताने त्यांना किती दिवस चिडवलं.

"हे वाचा," त्यांनी मोबाइल पुढे केला.

फोनची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीचं इंग्रजी पत्र होतं. यापुढे ॲप बनवणाऱ्याने सरकारी ओळखपत्र, पत्ता, फोन नंबर देऊन आपण कोण ते सिद्ध करायचं. नाहीतर ठरलेल्या तारखेनंतर ते ॲप नव्या फोनवर बसणार नाही.

"पण तुमचं ॲप त्यांच्या ऑनलाइन दुकानात नाहीच ना? लोक परस्पर उतरवून घेतात."

"तरीही हवं."

"कमाल आहे! उद्या भाजणी सांगायला माझं आधार कार्ड मागतील."

ते जरासे हसले. "फसवणारे बोकाळलेत म्हणून करतात, वहिनी. ते काही खोटं नाही. पण कार्ड मागितलंय लताचं."

"मग तुमच्या नावाने भरा. आता तर रिटायर झालात."

"भरणार आहे. अर्ध्या तासाचं काम. अडचण ती नाही."

आता मात्र ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला ॲपमध्ये आलेले निरोप दाखवले. दिंडोरीकडच्या कुणा कलाबाईंनी विचारलं होतं, 'लताताई, पावसानं औषध धुऊन गेलं, आता दिवस कुठून मोजू?' खाली उत्तर होतं, 'पुन्हा मारलं त्या दिवसापासून मोजा. छाटणी झाली का? तुमची लता.'

मी तारीख दोनदा पाहिली. गेल्या मंगळवारची होती.

"भाऊजी, हे कोण लिहितं?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मीच. ती गेली त्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, लताताई, आहात का? मी 'आहे' लिहिलं. तेव्हा दुसरं सुचलंच नाही. मग तसंच चालू राहिलं."

"दोन वर्षं?"

"कलाबाई विचारते, ताई, आज भाजी काय केली? मी सांगतो, मेथी. दिवसभरात तेवढंच कुणीतरी विचारतं."

मी वालाची टरफलं गोळा करत राहिले. आमची दारं समोरासमोर. विरजण मी दर वेळी भरून दिलं होतं, हा प्रश्न मात्र एकदाही विचारला नव्हता.

"वेदिका काय म्हणते?"

"वहीच बंद करा म्हणते. तिला बंगळुरूत बसून काय कळणार? हंगाम तोंडावर आलाय. कलाबाईची सून नवा फोन घेणार आहे. त्यात वही बसली नाही तर औषधाचे दिवस कशावर मोजायचे? आणि माझं नाव दिसलं की लोक म्हणतील हा कोण, लताताईंचं काय झालं? खोटं समजून काढून टाकतील. आधी सांगायला हवं. चार वेळा लिहायला बसलो. हात आपोआप 'मी लता' असंच सुरू करतो."

तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद करून आले तेव्हा त्यांनी टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. घरून खिशात घालूनच आले असणार.

"वहिनी, तुमचं मराठी चांगलं आहे. चार ओळी लिहून द्या. लता गेली, एवढं त्यांना सांगा."